ऐंशी पैशांचं घड्याळ

नांदेडला ताईच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. अक्षर भाच्याचं : ‘९ ते ५ – मशीन, इस्त्री, मिक्सर, मोटर. ५ नंतर काही नाही.’ शेवटच्या शब्दांखाली दोन रेघा. त्यानं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. इंग्लंडमधला एक तरुण तासातासाला बदलणारा वीजदर घेऊन बिल निम्म्यावर कसं आणलं ते त्यात सांगत होता. आता आपल्याकडेही वेळेनुसार वापर मोजणारा टीओडी मीटर आला, दिवसा लाईट स्वस्त झाली, मग निम्मं नाही तरी पाव बिल वाचेलच, असा भाच्याचा होरा. ताईनं मला विचारलं, “तू लिहितोस ना असल्या गोष्टींवर? मग सांग, किती वाचेल?”

मी तिथंच लाईटबिल मागवलं आणि पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. हा लेख म्हणजे तोच कागद, जरा मोकळ्या हातानं लिहिलेला. भाच्याशी माझं भांडण नाही. ते आहे ‘दिवसा वापरा’ हा कानमंत्र गल्लोगल्ली वाटणाऱ्या जाणत्या मंडळींशी.

त्यांची बाजू आधी नीट सांगतो, कारण ती खोटी नाही. केंद्र सरकारनं जून २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. उन्हाच्या आठ तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान वीस टक्के स्वस्त, जास्त मागणीच्या वेळी महाग, आणि १ एप्रिल २०२५ पासून शेतीपंप सोडून सगळ्यांना हे लागू, असा तो नियम. महाराष्ट्रात त्याचं रूप असं झालं : १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे ८० पैसे सूट, ती पाच वर्षांत वाढत वाढत एक रुपयापर्यंत जाणार. यामागचं कारणही पटण्यासारखं आहे. दुपारी सौरवीज उदंड असते आणि संध्याकाळी सूर्य मावळला की सगळं राज्य एकदम बटणं दाबतं. मागणी दुपारकडे सरकली तर महागडी वीज कमी घ्यावी लागेल. सगळं कबूल.

पण ग्रिडला जे सोयीचं, ते ताईच्या बिलाला लाभाचं असेलच असं नाही. हे दोन हिशेब एकाच वहीत लिहिले जातात, तिथं माझी हरकत सुरू होते.

मुळात असल्या सल्ल्यातलं ‘दर निवडा’ हे म्हणणंच बाहेरून आलंय. ब्रिटनमध्ये घरगुती ग्राहकापुढे अनेक कंपन्या असतात. ऑक्टोपस नावाच्या कंपनीनं २०१८ मध्ये दर अर्ध्या तासाला बदलणारा दर आणला. ज्याला परवडला त्यानं घेतला, नाही त्यानं सोडला. तिथल्या माणसाला ‘दर निवडा’ म्हणणं ठीक आहे. नांदेड-लातूरला एकच दुकान : ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं तेव्हापासून महावितरण, त्याआधी मंडळ. मुंबईत टाटा की अदानी असा प्रश्न तरी पडतो, इथं तो पडतच नाही. आपल्याला खुषीनं निवडता येणारा एक दर आहे खरा, हरित वीजदर. २०२१ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगानं त्याला मंजुरी दिली तेव्हा त्यासाठी युनिटमागे ६६ पैसे जादा मोजायचे होते. म्हणजे निवडीचा हक्क मिळाला तोही बिल वाढवायचा. असो.

आता कागदावरचे आकडे. ताईचं घर दीडशे युनिटचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, तीन पंखे, फ्रिज, टीव्ही, उन्हाळ्यात कूलर. मी २०२४-२५ चे दर धरले. पुढं दर हलले, पण पायऱ्यांची ठेवण तीच राहिली. त्या वर्षी वहन आकार धरून पहिल्या शंभर युनिटला ५ रुपये ८८ पैसे पडत होते. १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे. ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे. स्थिर आकार १२८ रुपये, वर सोळा टक्के वीज शुल्क. दीडशे युनिटचं बिल होतं साधारण १,४९५ रुपये.

दीडशेपैकी नऊ ते पाचमध्ये किती जळतं? मेहुणे दुकानात, भाचा क्लासला, ताई घरी. फ्रिज, एक पंखा, दुपारचा कूलर मिळून पन्नास युनिट धरू. सूट चाळीस रुपये. काहीही न हलवता, कुठलाही कागद न चिकटवता मिळणारी. बिलाच्या पावणेतीन टक्के. हे पैसे कुणी नाकारू नयेत, मीही नाकारत नाही.

आता कागदाप्रमाणं वागू. वॉशिंग मशीन एका धुण्याला अर्धं युनिट घेते असं धरलं तर एक दिवसाआड धुणं म्हणजे महिन्याला साडेसात युनिट. टाकी भरायची एक हॉर्सपॉवरची मोटर अर्धा तास चालली तर दिवसाला पाव-अर्धं युनिट. इस्त्री, मिक्सर किरकोळ. फार ताणून, सगळं घर घड्याळाला बांधून आणखी वीस युनिट दुपारकडे आणली, तर जादा सूट सोळा रुपये. महिन्याला. सोळा.

कागदी बिल नको, ई-बिल द्या, एवढं कळवलं की महावितरण बिलामागे दहा रुपये सूट देत आलंय. बिल पहिल्या काही दिवसांतच भरलं तर एक टक्का तत्पर भरण्याची सवलत. या दोन्ही मिळून सोळाच्या वर जातात आणि त्यासाठी रात्रीचं धुणं दुपारी करावं लागत नाही. पण त्यांचे व्हिडिओ कुणी काढत नाही.

आता तीच वीस युनिट दुपारकडे न सरकवता वापरलीच नाहीत तर? ती दुसऱ्या पायरीवरची युनिट आहेत, साडेअकरा रुपयांची. वाचले २२९ रुपये, वर शुल्क धरून २६६. एकीकडे सोळा, दुसरीकडे दोनशे सहासष्ट. युनिट तीच, घर तेच. महाराष्ट्रात घरगुती बिल घड्याळाच्या काट्यावर चढत नाही, ते शंभराच्या उंबरठ्यावर चढतं. उंबरठा ओलांडला की पुढच्या प्रत्येक युनिटची किंमत जवळजवळ दुप्पट. ऐंशी पैशांची सूट ही त्या दुप्पट झालेल्या किमतीच्या अंगावर लावलेली टिकली आहे.

उंबरठ्याच्या आत राहायचं तर घड्याळाकडे नाही, छताकडे बघावं लागतं. जुना पंखा पंच्याहत्तर वॅट खातो. नव्या पद्धतीची मोटर असलेला, ज्याला दुकानदार ‘बीएलडीसी’ म्हणतात, तो तीस वॅटच्या आसपास. नांदेडच्या उन्हाळ्यात पंखा दिवसाला बारा तास तर फिरतोच. एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचली, तीन पंख्यांची अठ्ठेचाळीस. दीडशेचे झाले एकशे दोन. दुसरी पायरी जवळजवळ रिकामी. उन्हाळ्याच्या महिन्यात सहाशे रुपयांच्या वर फरक. एक पंखा अडीच-तीन हजाराला, तिन्ही मिळून आठ-नऊ हजार, आणि आपल्याकडे उकाडा काही फक्त मे महिन्यात नसतो. दोन वर्षांत पैसे फिटतात. एवढे एकदम नसतील तर जो पंखा सर्वांत जास्त फिरतो तो आधी बदलावा.

इथं एक शंका येते. “पण दुपारी एसी लावणाऱ्याला तर चांगलीच सूट मिळते.” मिळते ना! दीड टनाचा एसी दुपारी सहा तास चालला की दिवसाला आठेक युनिट, महिन्याला २४०. त्याला एसीवरच १९२ रुपये सूट. आणि नांदेडच्या इतवाऱ्यातल्या साठ युनिटच्या घराला, त्यातली वीस दिवसाची धरली तर, सोळा रुपये. टक्क्यांनी पाहिलं तरी तेच : साठ युनिटवाल्याला बिलाच्या तीन टक्क्यांच्या आत, एसीवाल्याला साडेचारच्या आसपास. ज्याच्या घरी दुपारी थंड हवेत बसायला माणूस आहे आणि यंत्र आहे, त्याला ही योजना जास्त देते. जो दुपारी मोंढ्यात पोती उचलतो त्याच्या घराला कमी. यात कुणाचं कारस्थान नाही. युनिटमागे दिलेली सूट जास्त युनिटवाल्याकडेच जाणार, एवढं साधं आहे. पण तिला ‘सामान्य ग्राहकाला दिलासा’ म्हणायचं असेल तर सामान्य कोण ते एकदा ठरवावं लागेल.

“थोडं का होईना, मिळतंय ते घ्यायला काय जातं?” हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न, आणि त्याचं उत्तर बिलात सापडत नाही. काय जातं ते ताईला विचारा. आधी पाण्याचंच घ्या. लातूरकरांना त्याबद्दल मी काय सांगावं? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेलं शहर ते. आजही नळ कोणत्या दिवशी, किती वाजता येणार, त्यावर घराचं वेळापत्रक ठरतं. पाणी पहाटे सुटलं तर मोटर पहाटेच लागणार. तिला ‘नऊपर्यंत थांब’ म्हणता येत नाही, कारण नऊ वाजता नळ कोरडा असतो. अंघोळीचं पाणी सकाळी सहाला तापतं, डबे आठच्या आत भरले जातात, मिक्सर त्याआधी फिरतो. म्हणजे घरातल्या ज्या कामांना वीज लागते, त्यांतली निम्मी नऊ वाजायच्या आतच उरकलेली असतात. उरलेली संध्याकाळी, सगळे घरी आल्यावर. दुपारकडे सरकवता येतं ते फक्त बाईचं काम : धुणं, इस्त्री, दळण-कांडण. आणि तीच दुपार तिची पाठ टेकायची वेळ असते. नोकरी करणारी असेल तर दुपारी घरात कुणीच नसतं, मग सूट कुणाला? महिन्याला सोळा रुपयांसाठी एका माणसाची दुपार मागणारा सल्ला फुकट नसतो, त्याची किंमत फक्त दुसऱ्याच्या खात्यावर पडते.

लातूरची आणखी एक तऱ्हा. शिकवण्यांच्या भागात घरोघर खोल्या भाड्यानं दिलेल्या. पोरं दुपारी क्लासला, रात्री एक-एकपर्यंत अभ्यासाला. त्यांचा वापर सगळा अंधारातला. शिवाय खोलीला सबमीटर, आणि युनिटचा दर खोलीमालकानं ठरवलेला, दिवसरात्र एकच. टीओडी मीटर बसतो तो मालकाच्या मुख्य जोडणीवर. सूट जी काही मिळेल ती तिथंच जिरते, पोराच्या चिठ्ठीवर उतरत नाही. उलट पाच-सहा खोल्या एकाच मीटरवर असल्या की सगळी मिळून वरच्या पायरीवर चढतात आणि चाळीस युनिट वापरणारा पोरगाही तीनशेच्या वरचा भाव मोजतो. त्याला ‘दिवसा वापर’ सांगण्यात काय अर्थ? या घरांत स्वतंत्र मीटरचा एक अर्ज शंभर घड्याळांपेक्षा जास्त वाचवेल.

बदलत्या दराचं कौतुक करणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट विचारतो. बिलात बदलता दर आधीपासून आहे, तो दिसला नाही का? त्याचं नाव इंधन समायोजन आकार. वीजखरेदीचा खर्च वाढला की तो महिन्याच्या बिलात येऊन बसतो. सप्टेंबर २०२५ च्या वापरावर तो घरगुती ग्राहकाला युनिटमागे ३५ पासून ९५ पैशांपर्यंत लागला. तोही दिवसाच्या आठ तासांच्या युनिटवर नाही, सगळ्याच युनिटवर. ताईच्या दीडशे युनिटला पहिल्या शंभरावर ३५ पैशांनी ३५ रुपये, पुढच्या पन्नासावर ६५ पैशांनी साडेबत्तीस. साडेसदुसष्ट रुपये आले आणि चाळीस गेले. एका हातानं दिलेली सूट आणि दुसऱ्या हातानं घेतलेला आकार एकाच कागदावर छापलेला असतो. फरक एवढाच, की सुटीची जाहिरात होते.

मुख्य आक्षेप मात्र याहून वेगळा आहे, आणि तो लातूरच्या डाळमिलवाल्यांना पटकन कळेल. कारखान्यांना वेळेनुसार दर कितीतरी वर्षं लागू आहे. २०२५ पर्यंत त्याची रचना अशी होती : रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपया सूट, सकाळी नऊ ते बारा ८० पैसे जादा, संध्याकाळी सहा ते दहा एक रुपया दहा पैसे जादा. या हिशेबानं राज्यभर कारखाने रात्रपाळी लावत आले. कामगारांची झोप, त्यांचा भत्ता, मालाची ने-आण, सगळं त्या दीड रुपयाभोवती बसवलेलं. मग सौरवीज वाढली आणि नव्या दररचनेत घड्याळ उलटं फिरलं. रात्रीची सूट गेली, दिवस स्वस्त, संध्याकाळ महाग. सकाळी नऊ ते बाराच्या ज्या तासांना कारखानदार ८० पैसे दंड भरत होता, त्याच तासांना जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला ८० पैसे बक्षीस मिळू लागलं. आकडासुद्धा तोच!

आयोगाचं चुकलं असं मी म्हणत नाही. विजेचा उगम बदलला, तसा दर बदलला. पण कारखान्याकडे हिशेबनीस असतो, तो पाळी बदलतो. घराला पाळी बदलता येत नाही. आज फक्त सूट आहे, म्हणून सगळं गोड वाटतं. केंद्राच्या त्याच नियमात मात्र गर्दीच्या वेळी घरगुती ग्राहकालाही किमान दहा टक्के जादा दर लावायची तरतूद आहे. घर सूट घ्यायला घड्याळाशी बांधून झालं की तेच घड्याळ उद्या आकार घ्यायलाही वापरता येतं. मीटर तर बसलेलाच असेल. (तो फुकट बसतो असं सांगतात. फुकट कुणाला, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. टेक्सासमध्ये ग्रिडी नावाची कंपनी घाऊक बाजाराचा भाव जसाच्या तसा घरांना लावत असे. काही वर्षं लोकांचे पैसे वाचलेही. फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्फाचं वादळ आलं, वीजकेंद्रं बंद पडली, आणि भाव युनिटला नऊ डॉलरवर गेला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं साडेसहाशे रुपये. घरांना हजारो डॉलरची बिलं आली. मार्चमध्ये कंपनीनं दिवाळं काढलं आणि पुढं राज्यानं घरगुती ग्राहकांना असा घाऊक भाव लावण्यावर बंदी घातली. महाराष्ट्रात आयोग आहे, दर आधी ठरतात, तसं इथं होणार नाही. पण भाव खालीवर होण्याची जोखीम उचलायची कुणी, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

आणि घड्याळानं बांधलेली वीज काय असते, हे मराठवाड्याला शिकवायला इंग्लंडच्या व्हिडिओची गरज नव्हती. आमच्या शेतकऱ्यानं ‘एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची’ या पाळीत आयुष्य काढलंय. रात्री दोनला बॅटरी घेऊन, साप-विंचवातून, बारे द्यायला जायचं. आता सौर कृषी वाहिनीमुळं त्याला दिवसा वीज देण्याचं काम सुरू आहे, आणि ते खरोखर मोलाचं आहे. तिथं वेळ बदलल्यानं माणसाचा जीव वाचतो. म्हणून दिवसाच्या विजेला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. ज्या कामाला वेळ हलवून खरा फायदा आहे तिथं ती जरूर हलवा. पीठगिरणी, बर्फाचा कारखाना, पालिकेचे पाणीपंप, सरकारी इमारतींचे एसी, यांच्याकडे शेकड्यांनी, हजारांनी युनिट आहेत. आधी त्यांची दुपार मागा.

घरासाठी काही करायचंच असेल तर पायऱ्यांमधलं अंतर कमी करा. शंभराव्या आणि एकशे एकाव्या युनिटमध्ये दुप्पट फरक कशासाठी? मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो. त्या उन्हात कूलर लावणं ही चैन नाही. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत पहिली पायरी शंभराऐवजी दीडशेवर संपली, तर ताईच्या एका महिन्याच्या बिलात तीनशेवर रुपये वाचतील. आयोगाच्या जनसुनावणीत हे मागता येतं. तिथं उद्योगांचे वकील फायली घेऊन हजर असतात. आपण घरी फ्रिजवर कागद चिकटवत बसतो.

ताईला मी एवढंच सांगितलं : मीटरचा एक गुण मात्र खरा आहे, रोजची युनिट मोबाइलवर दिसतात. वीस तारखेला आकडा सत्तरच्या पुढं गेला असेल तर दहा दिवस जपून. भाच्यानं ते ॲप लगेच उघडलं. त्या दिवशी बावीस तारीख होती आणि आकडा होता एकशे नऊ. ताईनं आधी त्या आकड्याकडे आणि मग डोक्यावर करकरत फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. “हा आमच्या लग्नातला,” ती म्हणाली. “नवा केवढ्याला म्हणालास?”